गेटवरची झडती

दहावीच्या परीक्षेत गेटवर उभं राहून पोरांची झडती घेण्याचं काम मी वीस-बावीस वर्षं करत आलो आहे. जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यात आमचं हायस्कूल आहे, तिथं मी शिपाई म्हणून लागलो. शाळेत मला सगळे मामा म्हणतात, हेडमास्तरांपासून पाचवीच्या पोरापर्यंत. घंटा मामाची, पाणी मामाचं, किल्ल्या मामाच्या आणि फेब्रुवारी-मार्च आला की गेटही मामाचं. आमच्या शाळेत परीक्षेचं केंद्र असतं. पोरींची झडती एक बाई घ्यायच्या, पोरं माझ्याकडं.

कॉपी कुठं असते हे मला कुणी शिकवलं नाही, हाताला कळत गेलं. कॉलरच्या घडीत असते, पट्ट्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असते, कंपासपेटीच्या तळाशी कागदाखाली असते. बुटात असली तर पोरगा एक पाय जरा जपून टाकतो. जो पोरगा लांबूनच हात वर करून 'बघा मामा, काही नाही' म्हणतो, त्याला मी आधी बाजूला घेतो. झेरॉक्सवाल्यानं बोटाएवढ्या करून दिलेल्या पट्ट्या मी इतक्या काढल्या आहेत की एखाद्याच्या खिशात बसचं तिकीट लागलं तरी ते उलटून पाहतो.

त्याचा परिणाम असा झाला की माझा निकालावरचा विश्वासच उडाला. निकालाच्या दिवशी कुणीतरी हातावर पेढा ठेवायचं. मी तो खायचो, 'लई छान' म्हणायचो आणि मनात म्हणायचो, कुणी पुरवलं असेल बरं याला. हा माझा स्वभावच झाला आहे. घरी दूधवाल्यानं चांगलं दूध घातलं तरी मी विचार करतो, आज काय झालं याला.

मी स्वतः नववीपर्यंत शिकलेला. नववीनंतर वडिलांची कंबर धरली, कामावर जाता येईना, मी घरातला मोठा, शाळा सुटली ती सुटलीच. पुढं ही नोकरी लागली आणि मी रोज शाळेत जाऊ लागलो, पण वर्गाच्या बाहेरून. तेच धडे, त्याच कविता इतक्या वर्षांत कानावर पडत राहिल्या. कुणी विचारलं असतं तर मी त्या अर्ध्यामुर्ध्या म्हणूनही दाखवल्या असत्या. कुणी विचारलं नाही.

मग आमच्या प्रयोगशाळेतले परिचर निवृत्तीला आले. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, चार कपाटं, काचेच्या नळ्या आणि स्पिरिटच्या दिव्याचा वास. तो वास मला पहिल्यापासून आवडायचा. तिथं घंटा नाही, बादली नाही, दिवसभर उभं राहणं नाही. माझे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. हेडक्लार्क एक दिवस सहज बोलल्यासारखं बोलले, "मामा, दहावी आसती तर ती जागा तुमचीच व्हती की."

सहज बोललेल्या गोष्टीवर माझा भरवसा नसतो. मी दोन दिवस विचार करत राहिलो की हे मला का सांगितलं असेल. संस्थेतल्या कुणाचा तरी पाहुणा त्या जागेवर डोळा ठेवून आहे असं कानावर होतं. मला दहावीला बसवायचं, नापास करायचं आणि मग 'मामाला संधी दिली होती' असं म्हणायचं, असाही डाव असू शकतो. असा सगळा विचार करून झाल्यावर मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी तो फॉर्म असतो.

पास व्हायचं होतं, पण स्वच्छ पास व्हायचं होतं. गेटवर दुसऱ्यांचे खिसे उलटे करणारा माणूस कॉपी करून पास झाला असं कुणी म्हटलं असतं तर मला पुन्हा त्या गेटवर उभं राहता आलं नसतं. एवढं एकच मी मनाशी धरलं होतं.

केंद्र मी औशाचं घेतलं. औशाला माझी धाकटी बहीण दिलेली आहे, राहायची सोय होती. खरं कारण वेगळं होतं. आमच्याच केंद्रावर बसलो असतो तर ज्या पोरांची मी झडती घेतो त्यांच्याच शेजारी मला पॅड घेऊन बसावं लागलं असतं. औशाला मला ओळखणारं कुणी नव्हतं.

आता गणिताच्या मॅडमबद्दल. त्या नव्यानंच आल्या होत्या, वयानं माझ्या थोरल्या पुतणीएवढ्या. गाव त्यांचं किनवटकडचं, इस्लापूरच्या बाजूला. जळकोटात खोली घेऊन राहायच्या, संध्याकाळच्या बसनं जायच्या. मी फॉर्म भरल्याचं त्यांना कुठून कळलं कोण जाणे. एक दिवस शाळा सुटल्यावर मी खिडक्या लावत होतो तर त्या म्हणाल्या, "मामा, गणित कुणाकडं करून राहिले तुम्ही?"

मी म्हणालो, "कुणाकडंच नाही."

"मग माझ्याकडं करा. शाळा सुटली की."

मी विचारलं, "कशाला?"

त्या जरा थबकल्या. माझ्या विचारण्यात कडकपणा आला असणार. मग म्हणाल्या, "बस यायला तासभर असतो. मी तसंही भिंतीकडं बघत बसून राहते."

हे कारण मला मुळीच पटलं नाही. लोक पहिल्यांदा सांगतात ते कारण खरं नसतं, असा माझा अनुभव आहे. फुकट शिकवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. संस्थेनं यांना माझ्यामागं लावलं आहे, मी चुकीचं शिकावं म्हणून, असं माझ्या डोक्यानं घेतलं. तरीही मी गेलो. डाव काय आहे ते जवळून कळलेलं बरं.

पहिले काही दिवस मी त्यांनी फळ्यावर सोडवलेलं प्रत्येक गणित उतरवून घ्यायचो आणि सकाळी विहारात बसून गाइडशी पडताळून पाहायचो. आमच्या वस्तीतलं विहार सकाळी मोकळं असतं, फरशी गार असते, कुणी बोलवत नाही. बायका झाडायला यायच्या आणि माझ्याकडं बघून आपसात काहीतरी बोलायच्या. एकीनं माझ्या बायकोला विचारलंही, नवरा सकाळी सकाळी तिथं काय लिहीत बसतो, कोर्टाचं काही आहे का.

वाचायला चष्मा लागत होता, तो उदगीरहून करून आणला. पण खरी अडचण हाताची होती. वीस-बावीस वर्षं माझ्या हातानं हजेरीच्या सहीपलीकडं काही लिहिलं नव्हतं. अर्धं पान झालं की अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची. पाठ केलेलं सकाळी असायचं आणि घंटा देईपर्यंत गेलेलं असायचं. पोरांचं कसं असतं, त्यांच्या डोक्यात जागा मोकळी असते. माझ्या डोक्यात कोणत्या खोलीची कडी सैल आहे, कोणत्या सरांचा चहा बिनसाखरेचा आहे, हे भरलेलं. मला स्वतःचाच राग यायचा. पाठांतराच्या मध्येच मी चटकन उठून अंगण झाडायला लागायचो.

एका गणितात मला मॅडम सापडल्या असं वाटलं. बापाच्या आणि मुलाच्या वयाचं गणित होतं. अमुक वर्षांपूर्वी बापाचं वय मुलाच्या इतके पट होतं, तर आजची वयं काढा. बापालाच विचारून टाकायचं ना, असं मला त्या प्रकारच्या प्रत्येक गणिताला वाटतं, पण ते असो. मॅडमचं उत्तर एक आलं होतं आणि गाइडमध्ये दुसरंच छापलं होतं. मी गाइड घेऊन गेलो आणि त्यांच्या टेबलावर उघडं ठेवलं. चोर पकडल्यावर मी बोलत नाही, नुसती चिठ्ठी समोर धरतो.

त्यांनी पाहिलं. त्यांना राग आला नाही याचंच मला नवल वाटलं. खडू माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "माझ्यावर भरवसा ठेवू नका आणि गाइडवरही ठेवू नका. ताळा करा."

ताळा म्हणजे आलेलं उत्तर परत मूळ समीकरणात घालून पाहायचं. दोन्ही बाजू सारख्या आल्या तर उत्तर खरं. मी फळ्यावर आधी गाइडचं उत्तर घातलं, जमलं नाही. मग मॅडमचं घातलं, दोन्ही बाजू बरोबर आल्या. गाइडमध्ये छापण्यात चूक होती. मी ते पुन्हा करून पाहिलं, मग तिसऱ्यांदा. मॅडमची बस गेली असती, त्यांनी पर्स उचलली तेव्हा मी भानावर आलो.

त्या दिवसापासून गणित मला आवडायला लागलं, आणि हे मी खरं सांगतो आहे. बाकीच्या विषयांत पुस्तक म्हणतं म्हणून मानायचं. इतिहासात असं झालं म्हणे, भूगोलात तिकडं पाऊस जास्त पडतो म्हणे. मी कुठं जाऊन बघू? गणितात मात्र प्रत्येक ओळीवर शक घ्यायची मुभा होती आणि शक घेतला म्हणून कुणी तोंड वाकडं करत नव्हतं. मी एकही गणित ताळा केल्याशिवाय सोडेनासा झालो. मॅडम म्हणायच्या, "मामा, परीक्षेत एवढा वेळ मिळत नाही." मी म्हणायचो, "बघू."

मॅडमवरचा माझा संशय मात्र गेला नव्हता. भूमितीतलं एक लांबलचक प्रमेय त्यांनी सोडून द्यायला सांगितलं, तर हे नक्की परीक्षेत येणार म्हणूनच सोडायला सांगतात, असं मी धरून चाललो. त्यांना न सांगता ते मी पंधरा दिवस घोकलं. ते आलं नाही.

औशाचं ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "एवढ्या लांब कशाला मामा? इथंच बसा ना. तिकडं तुम्हाला कोण ओळखतं?"

मी मनात म्हणालो, तेच तर पाहिजे.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी औशाच्या त्या शाळेच्या गेटवर गेलो तर तिथल्या शिपायानं हात आडवा केला. "पालकांनी भाईर थांबायचं." मी हॉल तिकीट दाखवलं. त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. मग झडती घेतली, पण कशी, तर वरवर. खिसे चाचपले आणि जा म्हणाला. मला ते आवडलं नाही. माझ्याजागी एखादा बिलंदर असता तर सगळं पुस्तक आत घेऊन गेला असता.

वर्गात पाऊल टाकलं तशी पोरं-पोरी ताडकन उभी राहिली. त्यांना वाटलं सर आले. मी मागच्या बाकाकडं चाललो तशी ती हळूहळू बसली आणि कुणीतरी फिसकन हसलं. बाक लहान होता, गुडघे खालच्या फळीला लागत होते. शेजारचा पोरगा माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की जणू मी पथकाचाच माणूस असून साध्या कपड्यात बसलो आहे. बिचाऱ्यानं पहिले दोन पेपर मान हलवली नाही. मराठीचा पेपर बरा गेला, इंग्रजीचा गेला तसा गेला.

मग गणिताचा पहिला पेपर आला, बीजगणिताचा. प्रश्नपत्रिका हातात आली, चष्मा पुसला, वाचली. वयाचं गणित होतं. मी लिहायला लागलो. एक सोडवलं, ताळा केला, बरोबर आलं. दुसरं सोडवलं, ताळा केला. अंगठ्याची कळही कुठं गेली होती. असा गुंतून लिहीत असतानाच बाहेर अर्ध्या तासाचा टोल पडला.

आता हे ज्याला शाळेत शिपाई म्हणून वर्षं काढायची वेळ आली नाही, त्याला पटणार नाही. परीक्षेत दर अर्ध्या तासाला टोल पडला की शिपायानं वर्गात पाणी फिरवायचं असतं. आमच्याकडं टोलही मीच द्यायचो आणि पाणीही मीच फिरवायचो. तो आवाज माझ्या कानात गेला आणि माझं डोकं गणितात असतानाच पाय उभे राहिले. पेन बाकावर ठेवलं, कोपऱ्यात पाण्याची टाकी, तांब्या आणि ग्लास होता तिकडं गेलो. तांब्या भरला, पहिल्या बाकावरच्या मुलीसमोर ग्लास धरला. तिनंही घेतला. वर्गावरचे सर खिडकीशी उभे होते, त्यांची पाठ होती. मी दुसऱ्या बाकाकडं वळलो आणि दारात भरारी पथक उभं होतं.

पथकाचे साहेब आणि त्यांच्यासोबत एक बाई होत्या. साहेबांनी तांब्याकडं पाहिलं, मग माझ्या बाकावरच्या उघड्या उत्तरपत्रिकेकडं पाहिलं.

"तुम्ही परीक्षार्थी आहात?"

"हो साहेब."

"मग हे काय चाललंय?"

मी म्हणालो, "सवय आहे साहेब. टोल पडला."

"कसली सवय?"

"मी शाळेत शिपाई आहे."

मला वाटलं यावर ते समजतील. त्यांचा चेहरा आणखी कडक झाला. "या शाळेत?"

"नाही साहेब. जळकोट तालुक्यात."

"जळकोट तालुक्यातला शाळेचा शिपाई औशाला येऊन परीक्षा देतो, आणि पेपर चालू असताना पोरांना ग्लास पुरवतो." हे ते मला म्हणाले नाहीत, वर्गावरच्या सरांना म्हणाले. "तिकडं केंद्र नव्हतं का?"

केंद्र होतं. तिथं मी झडती घेतो, हे मी सांगणार होतो, पण तोंड उघडताच कळलं की त्यानं आणखीच बिघडेल. त्यांच्याजागी मी असतो तरी मला हा माणूस सोळा आणे संशयास्पद वाटला असता. मला समोर उभं केलं. त्या मुलीला बाईंनी बाहेर नेलं, तिच्या ग्लासाखाली पाहिलं, ती रडायला लागली. तिच्या रडण्याचं मला फार लागलं.

माझे खिसे टेबलावर रिकामे झाले. शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा निघाला, गठ्ठे बांधायच्या सुतळीचा गुंडाळा निघाला, खडूचा तुकडा निघाला. साहेबांनी खडूसुद्धा फिरवून पाहिला. चष्म्याचं घर उघडलं, त्यातला कपडा झटकला. चपला काढल्या, कॉलर उलटी केली. सगळा वर्ग बघत होता आणि मी हात वर धरून उभा होतो. एवढी वर्षं मी ज्यांना असं उभं केलं त्यांचे हात किती दुखत असतील, हे मला त्या दिवशी कळलं. बराच वेळ धरले की खांदे भरून येतात.

साहेब थांबले. मी म्हणालो, "साहेब, पट्ट्याच्या आतून बघायचं राहिलं." मीच पट्टा काढून उलटा करून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी नीट बघितलं पाहिजे, एवढंच माझ्या मनात होतं. पुरतं बघितलं की पुरतं मिटेल.

ते म्हणाले, "तुम्हाला बरीच माहिती दिसते."

काही सापडलं नाही. सापडणारच नव्हतं. ती मुलगीही डोळे पुसत बाकावर परत आली. साहेबांनी माझं हॉल तिकीट टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "बसा." जाताना वर्गावरच्या सरांना हळू आवाजात म्हणाले, "यांच्यावर लक्ष ठेवा." ते हळू बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं. आणि जे मोठ्यानं बोलायला पाहिजे होतं ते कुणी बोललंच नाही. माझ्याकडं काही सापडलं नाही हे खात्रीनं फक्त मला आणि साहेबांना माहीत होतं. साहेब जीपमध्ये बसून निघून गेले.

उरलेला पेपर सर माझ्या बाकाला टेकून उभे राहिले. त्यांच्या शर्टाच्या घामाचा वास मला येत होता. एवढ्या पहाऱ्यात त्या केंद्रावर दुसऱ्या कुणी पेपर लिहिला नसेल. वेळ बराच गेला होता, तरी मी ताळे सोडले नाहीत. एक मोठं गणित तसंच राहिलं. पुढचा टोल पडला तेव्हा मी डाव्या हातानं बाक घट्ट धरून बसलो.

निकाल मोबाइलवर लागला, स्टाफरूममध्ये. हेडक्लार्कनी नंबर घातला आणि सगळे वाकून बघायला लागले. पास. गणितात काठावर नाही, बऱ्यापैकी वर. सगळ्यांत जास्त मार्क गणितातच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलंही नाही.

हेडमास्तरांनी पाठीवर थाप मारली. "मामा, सेंटर बरोबर निवडलंत बुवा."

सगळे हसले. प्रेमानंच हसले. एक सर म्हणाले, "अन् आम्हाला वाटलं मामा भोळा हाय." दुसऱ्यानं विचारलं, "औशाला कोण हाय वळखीचं? आमच्या मेव्हण्याला बसवायचं हाय औंदा." कुणी मला वाईट म्हणत नव्हतं, उलट माझी हुशारी वाखाणत होते. मी म्हणालो, "मी कॉपी केली नाही." त्यावर ते आणखी हसले. मी पेढे वाटले. पेढा घेताना प्रत्येकाच्या तोंडावर काय चाललं आहे ते मला वाचता येत होतं, कारण ते तोंड इतकी वर्षं माझंच होतं.

संध्याकाळी घरी बायकोनं गोडाचं केलं. जेवण झाल्यावर ती जवळ येऊन बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "आवो, खरं सांगा. म्या कुणाला न्हाई सांगणार. आत कुणी देलं व्हतं का?"

सकाळी सकाळी विहारात जाताना हिनंच मला चहा करून दिला होता. "न्हाई," मी म्हणालो. ती म्हणाली, "बरं, न्हाई तर न्हाई." त्या 'बरं'नं मला रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम सुट्टीवरून आल्या. त्यांनी अभिनंदन केलं नाही. म्हणाल्या, "प्रश्नपत्रिका आणा." मी आणली. "यातलं काय काय लिहिलं होतं? सोडवून दाखवा." मी फळ्यावर एकेक सोडवत गेलो आणि त्या कागदावर मार्क मांडत गेल्या. त्या मला तपासत होत्या हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यांनी 'माझा तुमच्यावर विश्वास आहे' असं म्हटलं असतं तर मला ते खोटं वाटलं असतं. शेवटी बेरीज करून त्या म्हणाल्या, "यापेक्षा दोन-चार जास्त यायला पाहिजे होते. वेळ कुठं घालवला?" मग मी त्यांना तांब्याचं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. बस यायची वेळ झाली होती, मी त्यांची पिशवी थांब्यापर्यंत नेली. त्या मला का शिकवत होत्या हे मला अजून कळलेलं नाही. बसचं कारण खरं असावं, असं आता वाटायला लागलं आहे.

प्रयोगशाळेची जागा मला मिळाली. फाइल लातूरला जाऊन बरेच महिने अडकली, पण मिळाली. स्पिरिटचा वास आता दिवसभर असतो. नवा शिपाई आला आहे, घंटा तो देतो. टोल पडला की मी अजून उठतो, मग बसतो. माझी दहावी कशी झाली याबद्दल शाळेत कुणाला शंका नाही, सगळ्यांना खात्रीच आहे.

परीक्षेत गेटची ड्यूटी मात्र माझ्याकडंच राहिली. नव्या शिपायाचा हात अजून बसला नाही, असं हेडमास्तर म्हणाले. या वर्षी गणिताच्या पेपरला गर्दीतून एक माणूस पुढं आला. माझ्याच वयाचा असेल, थोडा लहान. पांढरा शर्ट, हाताला शेतातली माती चिकटून सुकलेली, एका हातात पॅड आणि दुसऱ्या हातात हॉल तिकीट. मागची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. हेडक्लार्क माझ्या बाजूला यादी घेऊन उभे होते, ते माझ्या कानाशी म्हणाले, "बघा मामा, तुमचाच भाऊ आला."

मी त्या माणसाला बाजूला घेतलं. कॉलर पाहिली, बाह्यांच्या घड्या उलगडल्या, खिसे उलटे केले. चपला काढायला लावल्या. पॅडची क्लिप उघडून पाहिली. पट्टा काढायला सांगितला आणि आतून बोट फिरवलं. इतकी कसून झडती मी त्या दिवशी दुसऱ्या कुणाचीच घेतली नाही. तो हात वर धरून उभा होता आणि त्याची मान खाली गेली होती. मी त्याचे हात धरून खाली घेतले.

मग वळून उभा राहिलो आणि मैदानात घंटेची वेळ झाल्यावर ओरडतो तसं मोठ्यानं म्हणालो, "यांच्याकडं काही नाही. मी सगळं बघितलं. काही नाही."

पोरांचं ढोसणं थांबलं. व्हरांड्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडत असलेले सर मान वर करून बघायला लागले. हेडक्लार्क म्हणाले, "आवो मामा, वरडता कशाला?"

त्या माणसानं माझ्याकडं संशयानं पाहिलं. याचा यात काय डाव असेल, असं तो मनात म्हणत असणार. त्यानं पट्टा घातला, हॉल तिकीट छातीशी घट्ट धरलं आणि वळून वळून माझ्याकडं बघत तो आत गेला.